नापासांना प्रवेश देणारी शाळा

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट विकासासाठी आणि अण्णा हजारे यांच्या नावाने सर्वदूर परिचित आहे; परंतु तेथील संत निळोबाराय विद्यालयाने इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश देण्याचे आणि त्यांना वसतिगृहात ठेवून शिकवण्याचे जे धोरण अवलंबिले, त्याचे मोल त्या मानाने कमी ओळखले गेले. नापास मुलगा केवळ अभ्यासात मागे पडलेला नसतो. आपण ‘ढ’ आहोत हा शिक्षकांचा आणि घरच्यांचा निवाडा त्याने स्वतःही मान्य केलेला असतो, आणि म्हणून गणिताच्या आधी त्याला आपल्याकडून काही अपेक्षा बाळगणारे वडीलधारे माणूस भेटावे लागते. निवासी व्यवस्थेत तास संपला तरी शिक्षक-विद्यार्थी संबंध संपत नाही, हे या प्रयोगाचे खरे बळ होय.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट पियांटा यांनी हा संबंध जवळीक, संघर्ष आणि अवलंबित्व, म्हणजे शिक्षकावाचून मुलाचे पाऊल न उचलणे, अशा तीन अंगांनी मोजला. ब्रिजेट हॅम्रे यांच्यासह त्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की बालवर्गातील शिक्षकाशी आलेल्या कटुतेचा संबंध आठवीपर्यंतच्या गुणांशी आणि वर्तनाशी लागतो, आणि तो मुलग्यांमध्ये, तसेच आधीपासून वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांमध्ये, अधिक ठळक असतो. म्हणजे ज्याच्याशी जुळवून घेणे शिक्षकाला सर्वांत जड जाते, त्याच मुलाला त्या जवळिकीची गरज सर्वाधिक असते. हवाईतील काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा हलाखीतूनही सावरलेल्यांच्या आयुष्यात घराबाहेरचे एखादे विश्वासाचे माणूस, अनेकदा शिक्षक, आढळले.

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जिथे आईवडील पोटासाठी मुंबई-पुण्याला आणि मुले आजीआजोबांजवळ अशी घरे कमी नाहीत, तिथे ते विश्वासाचे माणूस बहुधा शाळेतले गुरुजी किंवा बाईच असतात.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली, हे आवश्यकच होते; तथापि छडी गेली म्हणून जवळीक येत नाही, कारण तिला वेळ आणि सातत्य लागते. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला हा कायदा दोन शिक्षक देतो, आणि तेच दोघे अनेक इयत्ता सांभाळून ऑनलाइन माहिती भरण्याचे कामही करतात. छोट्या पटामुळे प्रत्येक मुलाचे घर ठाऊक असणे तिथे शक्य असते, पण शिक्षकाची बदली झाली की गुणांची नोंद मागे राहते आणि कोणते मूल कशाने गप्प झाले, कोणाचे वडील दिवाळीलाच घरी येतात, ही जाण मात्र त्या शिक्षकासोबत निघून जाते. बदलीच्या वेळी जुन्या आणि नव्या शिक्षकाने एकत्र बसून मुलामुलाविषयी बोलावे, एवढी तरतूद प्रशासनाला फारशा खर्चावाचून करता येईल.