लिटल बास्टर्ड (मोटारगाडी)

'लिटल बास्टर्ड' हे अमेरिकन चित्रपट अभिनेता जेम्स डीन (१९३१–१९५५) याच्या पोर्शे ५५० स्पायडर या शर्यतीच्या मोटारगाडीचे टोपणनाव आहे. ३० सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियात झालेल्या अपघातात ही गाडी चक्काचूर झाली आणि चोवीस वर्षांच्या डीनचा मृत्यू झाला. अपघातानंतर गाडीचे भाग वेगवेगळ्या हातांत गेले. त्यांपैकी इंजिन आणि ट्रान्सअ‍ॅक्सल यांचा माग लागलेला आहे. मात्र गाडीचा सांगाडा १९६० मध्ये बेपत्ता झाल्याचे सांगितले जाते आणि तो आजतागायत सापडलेला नाही.

पार्श्वभूमी

पोर्शे कंपनीने १९५३ ते १९५६ या काळात सुमारे ९० स्पायडर गाड्या बांधल्या. अ‍ॅल्युमिनियमची हलकी बॉडी, चालकाच्या पाठीमागे बसवलेले दीड लिटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे ११० अश्वशक्ती ही तिची वैशिष्ट्ये होती. डीनने १९५५ च्या पूर्वार्धात पोर्शे ३५६ स्पीडस्टर ही गाडी घेऊन काही शर्यतींत भाग घेतला होता. 'जायंट' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना निर्मात्यांनी त्याला शर्यतींना मनाई केली होती. चित्रीकरण संपत आल्यावर, २१ सप्टेंबर १९५५ रोजी, त्याने जुनी गाडी देऊन हॉलिवूडमधील एका विक्रेत्याकडून ५५०-००५५ या चासी क्रमांकाची स्पायडर घेतली. गाडीवर १३० हा शर्यतीचा क्रमांक आणि मागील बाजूस टोपणनाव रंगवण्यात आले. हे काम डीन जेफ्रीज या रंगकाराने केले.

त्याच महिन्यात डीनने रस्ता सुरक्षेचा संदेश देणाऱ्या एका लघुपटासाठीही चित्रीकरण केले होते.

अपघात

सलिनास येथील शर्यतीसाठी डीन ३० सप्टेंबर रोजी लॉस एंजेलसहून निघाला. गाडी नवी असल्याने तिची सवय व्हावी म्हणून ती ट्रेलरवर न चढवता त्याने स्वतः चालवत नेली. शेजारी पोर्शेचा जर्मन मेकॅनिक रोल्फ व्युथरिश बसला होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास, ताशी ५५ मैलांची मर्यादा असताना ६५ मैल वेगाने गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी त्याला दंडाची पावती दिली. सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास शोलेमजवळ महामार्ग ४६६ आणि ४१ यांच्या तिठ्यावर समोरून येऊन डावीकडे वळणाऱ्या फोर्ड गाडीशी स्पायडरची टक्कर झाली. व्युथरिश बाहेर फेकला जाऊन गंभीर जखमी झाला, पण वाचला. डीनला पासो रोबल्स येथील रुग्णालयात मृत घोषित करण्यात आले. फोर्डचा चालक, एक तरुण विद्यार्थी, किरकोळ जखमी झाला. चौकशीत त्याच्यावर गुन्हेगारी स्वरूपाचा दोष ठेवण्यात आला नाही.

अवशेषांची विभागणी

भंगारात निघालेली गाडी विल्यम एशरिक या डॉक्टरने विकत घेतली. तो स्वतः हौशी शर्यतपटू होता. त्याने इंजिन काढून आपल्या लोटस गाडीत बसवले आणि काही सुटे भाग ट्रॉय मॅकहेन्री या दुसऱ्या डॉक्टर शर्यतपटूला दिले. ऑक्टोबर १९५६ मध्ये पोमोना येथील शर्यतीत मॅकहेन्रीची गाडी झाडावर आदळून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या गाडीत डीनच्या गाडीतील मागच्या सस्पेन्शनचे भाग बसवले होते.

उरलेला सांगाडा एशरिककडून जॉर्ज बॅरिस याने मिळवला. गाड्यांची सजावट व फेरबांधणी हा बॅरिसचा व्यवसाय होता. सांगाडा दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. बॅरिसने त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जोडले आणि अपघाताचा आभास निर्माण करण्यासाठी ते ठोकून चेपवले. त्यानंतर वाहन सुरक्षेच्या प्रचारासाठी ही गाडी लॉस एंजेलसच्या सुरक्षा परिषदेमार्फत ठिकठिकाणी प्रदर्शित केली गेली. प्रेक्षकांनी अपघातग्रस्त गाडी म्हणून जे पाहिले, त्याचा काही भाग अशा रीतीने नंतर घडवलेला होता.

शापाची आख्यायिका

ही गाडी शापित असल्याची कथा मुख्यतः बॅरिसच्या कथनावर आधारलेली आहे. १९७४ च्या आपल्या पुस्तकात आणि नंतरच्या मुलाखतींत त्याने गाडीमुळे झालेल्या अनेक दुर्घटना सांगितल्या: मेकॅनिकचे पाय मोडणे, भाग चोरणारे जखमी होणे, गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकचालकाचा मृत्यू, गॅरेजला आग लागणे. मॅकहेन्रीचा मृत्यू वगळता यांतील बहुतेक घटनांना समकालीन पुरावा मिळत नाही.

मार्च १९५९ मधील फ्रेस्नो येथील आग मात्र प्रत्यक्षात लागली होती. प्रचलित कथेनुसार संपूर्ण गॅरेज जळाले आणि ही गाडी तेवढी वाचली. स्थानिक वृत्तपत्रातील बातमीत याच्या उलट माहिती आहे: गाडीचे दोन टायर जळाले, रंग होरपळला, गॅरेजमधील इतर वाहनांना धक्का लागला नाही आणि कोणीही जखमी झाले नाही.

बेपत्ता होणे आणि शोध

बॅरिसच्या म्हणण्यानुसार १९६० मध्ये फ्लोरिडातील प्रदर्शनाहून लॉस एंजेलसला परत येताना गाडी मोहोरबंद वाहनातून नाहीशी झाली. लेखक ली रास्किन यांच्यासारखे पोर्शेचे अभ्यासक या कथनाबद्दल साशंक आहेत.

२००५ मध्ये, अपघाताच्या पन्नासाव्या वर्षी, इलिनॉयमधील व्होलो मोटार संग्रहालयाने बॅरिससह गाडी आणून देणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले. २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका व्यक्तीने, आपण लहानपणी ही गाडी एका इमारतीच्या खोट्या भिंतीआड लपवली जाताना पाहिल्याचा दावा केला. त्यातून गाडी हाती लागली नाही. त्याच वर्षी बॅरिसचे निधन झाले.

सध्याची स्थिती

मोटारगाडीची ओळख तिच्या चासीवर आणि प्रमुख भागांवर ठोकलेल्या क्रमांकांवरून पटवली जाते. याच आधारे १००४६ क्रमांकाचे ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांचा एकत्रित भाग, २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये उजेडात आले. २०२१ च्या ऑनलाइन लिलावात ते ३,८२,००० डॉलरना विकले गेले आणि लास व्हेगासमधील एका संग्रहालयात ठेवण्यात आले. इंजिन एशरिक कुटुंबाकडे राहिले. सांगाड्याबाबत असा निर्णायक पुरावा केवळ ५५०-००५५ हा चासी क्रमांकच ठरू शकतो. बॉडीचे पत्रे अपघातानंतर बदललेले असल्याने केवळ बाह्य रूपावरून किंवा छायाचित्रांवरून तिची खात्री पटवता येणार नाही.