गवती चहा, रोशा आणि मनगटावरचा थेंब

संक्रांतीच्या हळदीकुंकवात एकाच अत्तरदाणीतले अत्तर आलेल्या सगळ्याजणींच्या हातांच्या पाठीवर लागते. घरी परतेपर्यंत मात्र त्या हातांना सारखा वास उरलेला नसतो. एकीच्या हातावर अजून लिंबाचा झणका असतो, दुसरीच्या हातावर तो उडून गुलाबासारखे काहीतरी वर आलेले असते, आणि तिसरीच्या कोरड्या हातावर नाक टेकवले तरच काही जाणवते. अत्तरात खोट असते म्हणून असे होत नाही. अत्तर म्हणजे वेगवेगळ्या वेगाने उडणाऱ्या अनेक पदार्थांचे मिश्रण, आणि प्रत्येकाची त्वचा त्या उडण्याला आपापल्या परीने हात लावते. हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो लिंबाच्या अंगाच्या, वनस्पतींच्या वासाच्या तेलांत. गवती चहाचे तेल, रोशा गवताचे तेल, थोडा दवणा आणि तळाला चंदन असा त्यांचा एक सुरेख मेळ आहे. लिंबू त्यात कुठेच नसते.

गवती चहापासून सुरुवात करू. नाशिकला बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात कोथिंबीर-पुदिन्याच्या शेजारी त्याच्या जुड्या ठेवलेल्या असतात. पात नुसती नाकाशी धरली तर फारसा वास येत नाही. ती चुरगळली, गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकली, की घरभर लिंबू दरवळते. तेल पातीच्या आत, पेशींत साठवलेले असते. पेशी फुटल्याशिवाय ते बाहेर येत नाही. या तेलाचा ७० ते ८० टक्के भाग एकाच पदार्थाचा असतो, त्याचे नाव सिट्रल. गंमत अशी की खुद्द लिंबाच्या सालीच्या तेलात सिट्रल अगदी थोडे, काही टक्केच असते. तिथे बहुतांश लिमोनिन असते, आणि लिमोनिन एकटे हुंगले तर ताजे, तजेलदार, साधारण संत्र्याच्या सालीसारखे वाटते. लिंबाला लिंबूपण येते ते त्या थोड्याशा सिट्रलमुळे. म्हणून गवती चहाचे शुद्ध तेल नाकाला लिंबापेक्षाही जास्त लिंबू वाटते, इतके की पुष्कळांना त्यात लिंबाच्या गोळीची किंवा साबणाची आठवण येते. त्यामागे हिरव्या पातीचा कच्चट, किंचित तेलकट वास असतोच.

या सिट्रलने जगाच्या अत्तरांचा इतिहास बदलला आहे. १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनज्ञांनी सिट्रलपासून आयोनोन तयार केले. आयोनोनचा वास व्हायलेटच्या फुलासारखा. खऱ्या फुलांचा अर्क सोन्याच्या भावाने विकला जात होता, आणि आता तोच वास गवताच्या तेलापासून मिळू लागला. पुढे अ जीवनसत्त्व कारखान्यात बनवण्याची वाटही आयोनोनमधूनच गेली.

रोशा गवत हे गवती चहाचे सख्खे भावंड. दोघेही सिम्बोपोगॉन या एकाच प्रजातीतले. आपल्याकडच्या जुन्या घरांत रोशेल तेलाची बाटली गुडघेदुखीसाठी असे, आणि आजही आजीच्या पिढीला हा वास दुखऱ्या सांध्यांशी जोडलेला वाटतो. अत्तरवाल्याला तो गुलाबाशी जोडलेला वाटतो. दोघेही बरोबर आहेत, कारण या तेलाचा साधारण चार पंचमांश भाग जेरानिऑल असतो आणि गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक हाच आहे. मनगटावर रोशा तेल लावून पाहिले तर आधी वाळलेल्या गवताचा, कडक उन्हात तापलेल्या माळाचा वास येतो, त्याच्या मागोमाग गुलाब येतो, आणि त्या गुलाबात कुठेतरी आल्याचा हलका चटका असतो.

हे गवत आपल्या उत्तर महाराष्ट्राचे वैभव होते, आणि नाशिककरांना त्याचा विसर पडावा याची मला मनापासून खंत वाटते. अक्राणीचा डोंगरी मुलूख, नंदुरबार, शहादा, तळोदा, साक्रीजवळचे पिंपळनेर हा सगळा खानदेशचा पट्टा एकोणिसाव्या शतकात रोशा तेलासाठी ओळखला जाई. त्यातले पिंपळनेर तर बागलाणला लागूनच. नाशिक जिल्हा १८६९ साली वेगळा झाला तेव्हा बागलाण-मालेगावकडचा भाग खानदेशातूनच आला, तेव्हा ही परंपरा शेजारच्या घरची म्हणण्याइतकी जवळची आहे. पावसाळा सरताना गवत फुलोऱ्यावर आले की कापणी सुरू होई. तेल काढण्याची भट्टी ओढ्याकाठी लागे, कारण वाहते पाणी जवळ हवे. मोठ्या भांड्यात गवत दाबून भरायचे, पाणी घालायचे, तोंड बंद करून खाली जाळ लावायचा. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाई. ते भांडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असे, म्हणजे वाफेचे पाणी होई. तेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे वर तरंगे आणि अलगद काढून घेता येई.

मग हे तेल कुठे जाई? मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांत, तिथून कॉन्स्टँटिनोपलला. युरोपात ते तुर्की जिरेनियम तेल म्हणून ओळखले जाऊ लागले, जरी तुर्कस्तानात त्याचे एक पातेही उगवत नव्हते. तिथले व्यापारी त्याचा रंग फिका करून ते बल्गेरियाच्या गुलाबखोऱ्यात पाठवत. तिथे ऊर्ध्वपातनाआधी गुलाबाच्या पाकळ्यांवर ते शिंपडत, म्हणजे भेसळ अत्तराच्या जन्मापासूनच एकजीव होई. युरोपातल्या श्रीमंतांच्या रुमालावरच्या गुलाबात सातपुड्याचे गवत होते. भेसळ वाईटच. पण भल्याभल्यांची नाके फसावीत इतका त्या गवताचा वास चांगला होता, हेही खरेच.

त्याच्या शास्त्रीय नावातही एक लढाई दडलेली आहे. सिम्बोपोगॉन मार्टिनाय यातला मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच सेनाधिकारी क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत असताना त्याने दक्षिणेतल्या बालाघाटच्या पठारावरून या गवताचे बी गोळा केले आणि लखनौला लावले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी गवताला त्याचे नाव दिले. पुढे १८७१ साली याकोब्सेन या रसायनज्ञाने याच तेलातून जेरानिऑल पहिल्यांदा वेगळे काढले. युरोपच्या बाजारात तेल जिरेनियमच्या नावाने येत असल्यामुळे पदार्थाचे नावही तसेच पडले. आज जगभरच्या साबणांच्या वेष्टनांवर छापलेले हे नाव मुळात आपल्या गवतातून मिळालेल्या पदार्थाचे आहे.

आता या दोन भावंडांचे खरे आश्चर्य. सिट्रलच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू. जेरानिऑलमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन तेवढेच, हायड्रोजन मात्र १८. लिंबू आणि गुलाब यांच्यात अंतर हायड्रोजनच्या दोन अणूंचे. गवती चहाच्या पातीत एक एन्झाइम जेरानिऑलमधून हे दोन अणू काढून घेते आणि सिट्रल तयार होते, म्हणजे त्या पातीत लिंबाआधी गुलाब असतो. खुद्द गुलाबाबद्दलही असाच शोध २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी लावला. गुलाबाच्या पाकळीत जेरानिऑल तयार होण्यास कारणीभूत असलेले एक एन्झाइम त्यांना सापडले. ज्या जातींना वास नाही तिथे ते जवळजवळ काम करत नव्हते. मोगलांच्या काळी गुलशनाबाद म्हणवल्या गेलेल्या नाशिकच्या आसपास, जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाउसमध्ये आज लांब देठाचे देखणे गुलाब पिकतात. अशा कापणीच्या गुलाबांच्या जाती रंग, देठ आणि टिकाऊपणा यांसाठी निवडत आणल्या गेल्या आणि त्या निवडीत वास मागे पडला.

मनगटावर थेंब पडल्यानंतर काय होते ते आता पाहू. मनगटाच्या त्वचेचे तापमान साधारण ३२-३३ अंश असते. पहिली काही मिनिटे सिट्रलची. वास टोकदार, पिवळा-हिरवा, डोळे उघडणारा. अल्कोहोलच्या स्प्रेमध्ये हा भाग एकदम उसळतो, कारण अल्कोहोल झपाट्याने उडताना हलक्या रेणूंना बरोबर उचलून नेते. तेलात तसे होत नाही. तेल रेणूंना धरून ठेवते, त्यामुळे सुरुवात मवाळ असते आणि सगळा क्रम संथ चालतो.

अर्ध्या तासाच्या आत लिंबू मागे सरते आणि रोशाचा गुलाब पुढे येतो. इथे एक कोडे आहे. सिट्रल सुमारे २२९ अंशांना उकळते आणि जेरानिऑल २३० अंशांना. उकळणबिंदू जवळजवळ सारखे, मग सिट्रल आधी का जावे? कारण आपण मनगटावर काही उकळत नाही. जेरानिऑल हे अल्कोहोल वर्गातले, त्याचे रेणू ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीने एकमेकांना धरून राहतात. अंगाच्या तापमानाला ही पकड पुरेशी घट्ट असते. सिट्रलच्या रेणूंना अशी पकड नाही, त्यामुळे ते मोकळे सुटतात. शिवाय सिट्रल चंचल आहे. हवेने ते बदलते, त्वचेतल्या प्रथिनांशीही जोडले जाते.

यानंतरचा काळ दवण्याचा. चैत्रात जोतिबाला आणि इतर देवांना वाहिला जाणारा हाच दवणा. त्याच्या तेलाचा वास एका शब्दात सांगता येत नाही: सुकलेली फळे, मनुका, चहाची पत्ती, आणि खाली कडवट औषधी पाला. अत्तरांच्या जगात दवण्याची ख्याती अशी की त्याचा वास प्रत्येकाच्या अंगावर वेगळा येतो. कोणाच्या हातावर फळ गोड होऊन वर येते, कोणाच्या हातावर पाला. शेवटी चंदन. त्यातल्या सँटेलॉलचा रेणू १५ कार्बनचा, जड, उकळणबिंदू ३०० अंशांच्या वर. सकाळी लावलेल्या थेंबातले बाकी सगळे निघून गेल्यावर संध्याकाळी हाताला जो दुधट, मऊ वास असतो तो याचा. वासांची उडण्याच्या क्रमाने वरचे, मधले आणि तळचे अशी मांडणी इंग्रज अत्तरतज्ज्ञ विल्यम पाउचर यांनी पद्धतशीर केली. १९५५ साली त्यांनी कितीतरी पदार्थांना १ ते १०० अशा टिकाऊपणाच्या श्रेणीत बसवले.

माणसामाणसांतला फरक मुख्यतः त्वचेच्या तेलकटपणाचा आणि उबेचा. तेलकट त्वचा वासाला धरून ठेवते. कोरड्या त्वचेवरून तो लवकर जातो, म्हणून आधी थोडे खोबरेल चोळून त्यावर अत्तर लावण्याची रीत शहाणपणाची आहे. हवेचाही हात असतो. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत थेंब अंगाशी चिकटून राहतो, वास दूर पसरत नाही, लिंबूही नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकते. वैशाखात तोच थेंब पाहता पाहता चंदनापर्यंत पोहोचतो. नाशिकच्या माणसाने एकच अत्तर पौषात आणि वैशाखात लावून पाहावे, दोन वेगळी अत्तरे वाटतील.

लावणाऱ्याला आपलाच वास काही वेळाने येईनासा होतो, तोही थेंबाचा दोष नव्हे. सतत येणाऱ्या वासाकडे नाक आणि मेंदू दुर्लक्ष करू लागतात. शेजारच्याला तो येत असतोच, म्हणून वास येईना झाला की पुन्हा थेंब लावण्याची घाई करू नये. मनगटे एकमेकांवर घासल्याने वास मोडतो असे सांगतात, त्यात तथ्य नाही. घासल्याने ऊब वाढते, तेल पसरते आणि वरचा लिंबाचा भाग थोडा लवकर उडतो, इतकेच.

अत्तर निवडताना याच क्रमाचा विचार करावा. दुकानात फाया हुंगून लगेच ठरवू नये, कारण तिथे फक्त गवती चहाच बोलत असतो. हाताला लावावे, बाजारातली बाकीची कामे उरकावीत आणि तासाभराने पुन्हा हुंगावे. कागदाच्या पट्टीवर क्रम कळतो, पण आपल्या त्वचेवरचा वास कळत नाही.

काळजीचीही बाब आहे. गवती चहाचे किंवा रोशाचे निव्वळ तेल थेट अंगाला लावू नये, ते दुसऱ्या तेलात पातळ करूनच वापरावे. सिट्रल, जेरानिऑल आणि लिमोनिन काहींच्या त्वचेवर पुरळ उठवतात. युरोपीय संघाने २००३ साली वेष्टनावर नाव छापणे सक्तीचे केलेल्या २६ वासद्रव्यांत ही तिन्ही आहेत. गवतात होणारा बदल आपल्या त्वचेतही होतो. तिथली एन्झाइमे जेरानिऑलचे काही प्रमाणात सिट्रल करतात, आणि त्रास पुष्कळदा त्यातून उद्भवतो. सालीतून दाबून काढलेल्या लिंबाच्या किंवा बर्गामोटच्या तेलाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातले काही पदार्थ उन्हात त्वचेवर काळे डाग पाडतात. वाफेवर काढलेल्या गवताच्या तेलांना हा धोका नाही. नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. कुपी गडद काचेची, लहान आणि शक्यतो भरलेली असावी, कारण अर्ध्या रिकाम्या कुपीतल्या हवेने सिट्रल आणि लिमोनिन बिघडतात, वास टर्पेंटाइनकडे झुकतो आणि असे शिळे तेल ताज्यापेक्षा त्वचेला जास्त त्रास देते.