‘प्रौढांचीं चित्रगृहें’ व त्यांचे कागद

अमुक चित्रगृह ‘प्रौढांचें’ होतें, असें पुणें व पिंपरी-चिंचवडकडील जुने प्रेक्षक सांगतात. ही आठवण इतिहाससाधन म्हणून घ्यावयाची तर एक भेद ध्यानांत धरला पाहिजे. कायद्यानें प्रौढांपुरता ठरतो तो चित्रपट, चित्रगृह नव्हे.

१९४९ च्या दुरुस्तीनें ‘यू’ व ‘ए’ अशीं दोन प्रमाणपत्रें आलीं, व १९५२ च्या अधिनियमांत तीं कायम राहिलीं. ‘ए’ म्हणजे अठरा वर्षांखालील प्रेक्षकांस मज्जाव, इतकेंच. मधुबालेची भूमिका असलेल्या ‘हँसते आँसू’ (१९५०) यासही तें मिळालें होतें. सबब त्यावरून अश्लीलतेचें अनुमान करूं नये. कालनिर्णयास मात्र तें उपयोगी आहे. भारतीय प्रमाणपत्रावर ‘ए’ असल्यास तें १९४९ च्या पूर्वींचें नव्हे, ‘यूए’ असल्यास १९८३ च्या पूर्वींचें नव्हे.

चित्रगृहाचा लौकिक ठरे तो तेथें वारंवार लागणाऱ्या खेळांवरून. त्याचा पुरावा भित्तिपत्रकें, तिकिटें, आणि १९२३ च्या मुंबई कायद्यापासून चालू झालेल्या करमणूक कराचीं पत्रकें यांत शोधावा. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स निघाल्यावर वाढत गेलेल्या कामगार वस्तीच्या करमणुकीचा हिशेबही तेथेंच सांपडेल.

पुण्याचें ‘आर्यन’ (१९१५) १९८३ सालीं बंद झालें, तरी त्याच्या आठवणी अभिमानानें लिहिल्या गेल्या. ज्या चित्रगृहांचें नांव घरांत काढण्याची चोरी, त्यांचे कागद रद्दींत जातात. संग्राहकांनीं संकोच सोडून ते राखावेत.