चिकित्सा-संशोधनाचा व्यवसाय : वढू बुद्रुकच्या निमित्ताने

पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर अध्यापन किंवा औषधकारखान्यातील नोकरी एवढेच दोन मार्ग ज्यांना दिसतात, त्यांनी तिसऱ्या एका मार्गाचा विचार करावा, या हेतूने हे विवेचन केले आहे. तो मार्ग क्लिनिकल रिसर्चचा, म्हणजे चिकित्सा-संशोधनाचा होय. प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेले औषध किंवा लस माणसाला खरोखर उपयोगी पडते काय, आणि त्यापासून अपाय तर होत नाही ना, याची पद्धतशीर परीक्षा हा या शास्त्राचा गाभा आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात या साखळीची दोन टोके फार अंतरावर नाहीत. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे उत्पादन होते. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे माणसांवरील परीक्षणांचे कार्य चालत आले आहे. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू महाराष्ट्राला परिचित आहे. तेथील ग्रामीण रुग्णालयात चालणारे संशोधन मात्र आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात या भागात ग्रामीण आरोग्यसेवेचा पाया घातला. सेवा आधी आली आणि संशोधन मागाहून आले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघरी जाऊन नियमित नोंद होऊ लागली. ही नोंद वरकरणी रुक्ष वाटते. परंतु एकूण लोकसंख्या किती, हेच ठाऊक नसेल तर अमुक रोगाचे प्रमाण किती, या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही.

या पायावर काय उभे राहिले? रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या अतिसारावरील स्वदेशी लशीचे परीक्षण दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे झाले. तीत ६,७९९ अर्भकांचा समावेश होता. तीव्र अतिसारापासून मिळणारे संरक्षण निम्म्याहून थोडे अधिक ठरले. हा आकडा किरकोळ वाटेल. पण रोग सर्वत्र पसरलेला असता एवढ्या संरक्षणानेही पुष्कळ बालके वाचतात. २०१६ मध्ये ही लस राष्ट्रीय लसीकरणात प्रथम चार राज्यांत दाखल झाली.

दुसरे उदाहरण मला अधिक बोधप्रद वाटते. गोवराची लस सुईऐवजी श्वासावाटे देता येईल काय, हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील गावांतील सुमारे दोन हजार बालकांवर तपासला गेला. एक्क्याण्णव दिवसांनंतर श्वासावाटे लस घेतलेल्यांपैकी ८५.४ टक्के बालकांत, तर सुईने घेतलेल्यांपैकी ९४.६ टक्के बालकांत प्रतिपिंडे आढळली. म्हणजे नवी पद्धत जुन्या पद्धतीच्या तोडीची नाही, असे सिद्ध झाले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक वर्षांच्या परिश्रमांचे फळ ‘नाही’ हे असू शकते, आणि त्या ‘नाही’चे मोल तितकेच असते, ज्याला हे मानवत नाही त्याने या क्षेत्रात न येणे बरे.

संमतीचा प्रश्न सर्वांत नाजूक. गावातील डॉक्टरांवर श्रद्धा असलेली माता कागदावर अंगठा उमटवते, तेव्हा तिला परीक्षण समजले असते की ती केवळ भिडेखातर होकार देते? वेळेवर उपचार करणाऱ्यालाच नकार देणे तिला जड जाते. देशात गैरप्रकारांच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१३ मध्ये नियम कडक झाले, आणि २०१९ च्या नियमावलीने त्यांना एकत्रित रूप दिले. दुर्बळ स्थितीतील व्यक्तींवर नव्या रासायनिक औषधाचे परीक्षण करताना संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते; इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची जबाबदारी असते; नीतिसमितीत वैद्यकेतर सामान्य व्यक्तीही लागते. तरीही खरी संमती मिळते ती ओसरीवर बसून, लोकांच्या बोलीत, पुनःपुन्हा समजावून सांगणाऱ्या कार्यकर्तीमुळेच. तिचे नाव शोधनिबंधावर बहुधा येत नाही, ही गोष्ट मला न्याय्य वाटत नाही.

आता व्यवसायाविषयी. येथे केवळ वैद्यांचीच गरज असते असे नाही. औषधनिर्माणशास्त्र, संख्याशास्त्र, जीवशास्त्र, समाजशास्त्र यांच्या पदवीधरांना समन्वयक, निरीक्षक, माहिती-व्यवस्थापक अशी कामे मिळतात. संख्याशास्त्रज्ञाचे काम तर पहिले बालक दाखल होण्यापूर्वीच, नमुन्याचा आकार ठरविताना, सुरू होते. परंतु पुष्कळशा नेमणुका अनुदानाच्या मुदतीशी बांधलेल्या असतात. प्रकल्प संपला की नोकरीही संपते. कंपन्यांच्या वतीने परीक्षणे चालविणाऱ्या खाजगी संस्थांत वेतन बरे असते, पण तेथे प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि वेळापत्रकही. ग्रामीण केंद्रात पैसा बेताचा, प्रवास पुष्कळ. मात्र स्वतःचा प्रश्न विचारण्याची संधी अधिक. पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये आरंभिलेला अभ्यास अशाच एका प्रश्नातून निघाला. वजनाने सरासरी २.७ किलोग्रॅम भरणाऱ्या या अर्भकांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून असते, हे त्यातून दिसले आणि मधुमेहाचे मूळ गर्भावस्थेत शोधण्याच्या विचाराला बळ मिळाले. असे उत्तर मिळण्यास मुले मोठी होईपर्यंत थांबावे लागते. त्यासाठी लागणारे स्थैर्य तीन वर्षांच्या अनुदानातून कसे यावे, याचा विचार विद्यापीठांनीही करावयास हवा.

ज्यांना या क्षेत्राची प्रत्यक्ष कल्पना हवी त्यांनी भारतीय परीक्षणांच्या सार्वजनिक नोंदणीपटापासून आरंभ करावा. २००९ पासून औषधांच्या परीक्षणांची तेथे पूर्वनोंदणी सक्तीची आहे, आणि कोणाही विद्यार्थ्याला तो विनामूल्य पाहता येतो.