ऑटोमॅटिक गाडीचे पॅडल आणि घाटाचा उतार

ऑटोमॅटिक गाडी पाहायला गेले की सेल्समन स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्या मोठ्या कौतुकाने दाखवतो. यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. उजवी ओढली की गिअर एकने वर, डावी ओढली की एकने खाली. क्लच नाही, स्टिअरिंगवरचा हात काढणे नाही. १९८९ साली फेरारीने ही सोय शर्यतीच्या गाडीत आणली आणि ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली.

आपल्याला शर्यत लावायची नाही. आपला संबंध घाटाशी. डिकीत कापडाचे तागे भरून मालेगावहून मुंबईला निघालात आणि कसारा घाटाचा उतार लागला, की 'डी'मध्ये गाडी मोकळी पळते, पाय सारखा ब्रेकवर राहतो. ब्रेक तापतात, फार तापले की धरत नाहीत. अशा वेळी डावी पट्टी एकदोनदा ओढावी. इंजिनाचा आवाज चढतो (घाबरू नये) आणि इंजिनच चाकांना आवरून धरते. मात्र यात मागचा लाल दिवा लागत नाही, म्हणून मागून येणाऱ्याला कळावे यासाठी ब्रेकला हलका पाय लावावा.

पट्टी म्हणजे नुसते विजेचे बटण, हुकूम कॉम्प्युटरचा. वेग फार असेल तर तो खालचा गिअर देतच नाही. पुष्कळ गाड्यांत थोड्या वेळाने गाडी पुन्हा आपल्या मर्जीने गिअर टाकू लागते. तो टिकवायची रीत गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावी.

शहरातल्या गर्दीत या पट्ट्यांना हातही लागत नाही. केवळ त्यांच्यासाठी वरच्या मॉडेलचे जादा पैसे मोजू नयेत. लिव्हरवर 'एल' किंवा अधिक-वजाची सोय असेल तर उताराचे काम त्यानेही भागते.