उडी नव्हे, उतरणं महत्त्वाचं

वाटेतले अडथळे धावत, उड्या मारत, चढत पार करण्याची कला म्हणजे पार्कूर. ते जन्मलं पॅरिसच्या दक्षिणेकडच्या लिस आणि एव्री या उपनगरांत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाविद बेल आणि त्याचे सवंगडी तिथल्या काँक्रीटच्या कठड्यांवर, जिन्यांवर उड्यांचा सराव करू लागले. मूळ शिकवण दाविदचे वडील रेमाँ यांची. ते पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. त्याहीमागे नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांची धावणं, चढणं, तोल सांभाळणं यांवर बेतलेली व्यायामपद्धत होती. १९९७मध्ये या मुलांच्या गटाचं नाव ‘यामाकासी’ पडलं.

पुढे वाटा फुटल्या. बेलचा भर कमीत कमी श्रमांत पलीकडे पोचण्यावर. त्याचा सवंगडी सेबास्तियाँ फुकाँ याला मात्र गिरक्या, कोलांट्या, स्वतःची शैली हवी होती. तेच फ्री रनिंग. ‘कॅसिनो रॉयल’ या बाँडपटात (२००६) डॅनियल क्रेगला क्रेनवर दमवणारा तो हाच फुकाँ!

पडद्यावर गच्च्या दिसतात. सराव मात्र हातभर उंचीच्या कठड्यावर चालतो, आणि तोही कंटाळा येईस्तोवर. चवड्यांवर उतरायचं, गुडघे सैल, आवाज जितका कमी तितकी उडी चांगली. उंचावरून आलात तर एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरकं लोळायचं, म्हणजे मणक्यावर थेट भार येत नाही. मल्लखांबाखाली निदान मऊ माती असते, इथे फरशीच.

ब्रिटनने २०१७मध्ये पार्कूरला खेळ म्हणून अधिकृत मान्यता दिली. स्पर्धा भरवाव्यात की नाही, यावर जुन्या मंडळींचं अजून एकमत नाही.