ठाण्याची हद्द बदलली. गावाने काय करावे?

रात्रीतून विहिरीवरची मोटार आणि केबल गेली. कांदा पोसायला लागलेला, पाण्याची पाळी दोन दिवसांवर आलेली. शेतकरी सकाळीच नेहमीच्या ठाण्यात गेला. उत्तर मिळाले, "तुमचं गाव आता आमच्याकडं नाही." दुसऱ्या ठाण्यात गेला, तर विहीर नक्की कोणत्या शिवारात येते यावर खल सुरू झाला. फिर्याद लिहून होईस्तोवर तिसरा दिवस उजाडला. हद्दीवरच्या एका गावात पीक बैठकीला गेलो असता हा प्रकार कानावर आला. हद्द बदलल्याचे गावाला कुणी नीट सांगितले नव्हते, आणि गावानेही विचारले नव्हते.

पोलीस दलाची फेररचना ही काही नवलाची गोष्ट नाही. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. तेव्हा पुणे ग्रामीण अधीक्षकांकडची चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे, देहूरोड ही ठाणी त्यात गेली. पुढे २०२१ साली लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी पुणे शहर आयुक्तालयाला जोडली गेली. कारखाने वाढले, वाहतूक आणि वस्ती वाढली, तेव्हा ही गरज होतीच. पण खेड तालुका पाहा. तहसील कचेरी आणि पंचायत समिती राजगुरुनगरला. पोलिसांच्या बाबतीत मात्र चाकणकडची गावे आयुक्तांकडे, तर राजगुरुनगरकडची अधीक्षकांकडे. तालुका एक, पोलीस दल दोन!

कोणते काम कोणाकडे?

बांधावरून भांडण झाले की शांतता राखण्यासाठी 'चॅप्टर केस' होते. अधीक्षकांच्या हद्दीत ती तहसीलदारांपुढे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. आयुक्तालयात हे अधिकार पोलिसांकडेच असतात आणि सहायक पोलीस आयुक्तांपुढे हजर व्हावे लागते. शेतरस्त्याचा अर्ज मात्र दोन्हीकडे तहसीलदारांकडेच. तो पोलीस आयुक्तांकडे गेलेला नाही. रस्ता खुला करताना बंदोबस्त हवा असेल, तर तो ज्या ठाण्याची हद्द त्यांच्याकडूनच मिळतो. एवढे माहीत नसल्यामुळे माणसे उगाच हेलपाटे घालतात.

दुवा तुटतो कुठे?

वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने आजचे पोलीस पाटील आले. त्यांची नेमणूक प्रांताधिकारी करतात, पण गुन्ह्याची खबर त्यांनी द्यायची ठाण्याला. म्हणजे एक पाय महसुलात, एक पोलिसात. १५ ऑगस्ट २००७ पासून राबवलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतही पोलीस पाटील, बीट अंमलदार, तलाठी, ग्रामसेवक एकत्र बसावेत हीच कल्पना होती. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.)

ठाणे बदलले की ही बैठकच मोडते. जुन्या बीट अंमलदाराला कुणाचा बांध कुणाशी अडलाय, यात्रेत मान कुणाचा, ऊसतोडीच्या टोळ्या कुठे उतरतात हे सारे ठाऊक असते. नवा अंमलदार आला की ओळख पहिल्यापासून. ही माहिती दप्तरात नसते, माणसांत असते.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट, हद्द बदलताच सरपंचांनी नव्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन ग्रामसभेला बोलवावे. जुने बीट अंमलदारही त्या दिवशी आले, तर फार उत्तम.

दुसरी गोष्ट, वाड्या-वस्त्यांची यादी नव्या ठाण्याला द्यावी. महसुली गाव एक आणि वस्त्या पाच, त्यातली एखादी ओढ्यापलीकडे दुसऱ्याच हद्दीत, असे हमखास होते. ग्राम सुरक्षा दलाची नावेही नव्याने नोंदवावीत.

तिसरी गोष्ट, चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीच्या कारणावरून नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट आहे. कोणत्याही ठाण्याने खबर लिहून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. नकार मिळाला तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी कळवावे. तातडीला ११२ नंबर आहेच.

पोलीस खात्यानेही हद्दीचा आदेश काढताना त्याची प्रत ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना द्यावी. कागद एकच लागतो, पण त्यातून गावाचे चार हेलपाटे वाचतात.

त्या गावाने आता दूध डेअरीच्या भिंतीवर ठाण्याचे नाव आणि बीट अंमलदाराचा नंबर ऑइलपेंटने लिहून घेतला आहे. मोटार काही सापडली नाही. कांद्याला शेजाऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी दिले म्हणून पीक हाती लागले. शेजारधर्म आहे तोवर ठीक, पण प्रत्येक वेळी त्याच्यावरच भिस्त कशी ठेवायची? आपले ठाणे कोणते, हे शेतकरी बंधूंनी आजच विचारून ठेवावे.